मनकर्णाबाईचं फळ

फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यातल्या गिरणीत ज्वारीच्या पिठाचा डबा उचलत होतो. पीठ नुकतंच दळलेलं असलं की डब्याचा पत्रा पोटाला भाजतो. मला ते बरं वाटतं. घरात हल्ली दुसरं काही गरम नसतं म्हणून असेल. एका हातानं डबा पोटाशी धरून मी फोन कानाला लावला. अमृता होती. दमयंतीची, म्हणजे माझ्या बायकोची, विद्यार्थिनी. आता दमयंतीच्याच कॉलेजात तिच्याच जागेवर वनस्पतिशास्त्र शिकवते. नेहमी आधी जेवलात का विचारते, ते तिनं विचारलं नाही. म्हणाली, "काका, मॅडमचं फळ आणि ते जुनं लाकूड एकाच झाडाचं आहे असं दिसतंय." मी म्हणालो, "मग?" ती म्हणाली, "मग मॅडमनी दिलेलं नाव राहणार नाही." गिरणीवाला फकिरा माझ्याकडं बघत होता. "जंजाळकाका, डबा तरी धरा नायतर फोन तरी. दोन्ही धरलं की सांडतंय, मागल्या टायमालाबी सांडलं व्हतं." मी डबा खाली ठेवला. तो पट्टा बंद करून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काय झालं? कोणी गेलं का?" मी म्हणालो, "नाय, कोणी नाय गेलं." रस्त्यावर आलो तेव्हा वाटलं, आपण त्याला खोटं सांगितलं.

घरापर्यंतचा रस्ता रोजचाच, पण त्या दिवशी मी एक गल्ली चुकलो आणि परत फिरलो. डोक्यात एकच चाललं होतं, की एकदा छापलेलं नाव जातं कुठं. हे नावाचं प्रकरण मला दमयंतीनं शिकवलं तेवढंच येतं. दगडात जी झाडं सापडतात ती अख्खी सापडत नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाड पडलं, पान एकीकडं वाहून गेलं, फळ तळ्यात बुडालं, खोड तिसरीकडं गाडलं गेलं. मग वर लाव्हा आला. आता कोणाला पान मिळतं, कोणाला फळ, आणि कोणतं कोणाचं हे सांगता येत नाही. म्हणून पानाला वेगळं नाव, लाकडाला वेगळं, फळाला वेगळं. मी तिला म्हणालो होतो, हे आमच्या वाळूजच्या भंगारासारखं झालं. एक मशीन मोडतं, गिअर एका भंगारवाल्याकडं जातो, शाफ्ट दुसऱ्याकडं, आणि दोघं आपापला नंबर टाकून ठेवतात. ती म्हणाली, बरोबर, आणि कधी एखाद्या शाफ्टला गिअर बसलेला सापडला तर कळतं की दोन्ही एकाच मशीनचे. तेव्हा जे नाव आधी छापलं गेलं ते त्या झाडाचं. दुसरं नाव त्याच्या खाली जातं, पुढं ते कोणी वापरत नाही. ते लाकूड नागपूरच्या एका प्राध्यापकांनी आमच्या लग्नाच्या आधी कधीतरी छापलेलं होतं. दमयंतीचं फळ लग्नानंतर किती वर्षांनी. आणि आयुष्यभरात तिनं नाव दिलं ते या एका फळालाच.

लोक विचारायचे, तुम्ही कंपनीत, बाई कॉलेजात, हे जमलं कसं. लग्न झालं तेव्हा ती नुसती बी.एस्सी. होती आणि आमच्या कन्नडकडच्या घरात तेवढंही जास्तच वाटत होतं. आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नाव लिहायचं. माझ्या आत्यानं रत्नमाला ठरवलं होतं, मी ते लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले. घरात ती रत्ना झाली. पण तिचे सगळे दाखले दमयंती बनकर या नावाचे, आणि पुढं तिनं एम.एस्सी. केलं, पीएच.डी. केली, कागदावर शेवटपर्यंत दमयंती बनकर राहिली. आत्या एकदा म्हणाली, "आमचं नाव काय खपलं नाय का बाईला?" दमयंतीनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "खपलं की. पण आत्याबाई, आमच्यात पहिलं छापून आलेलं नाव खरं. नंतरचं कितीबी मायेनं दिलेलं असू द्या, ते खाली जातं." आत्याला काही कळलं नाही. म्हणाली, "तुमच्यात म्हंजे कोणात?" दमयंती म्हणाली, "दगडवाल्यात." त्यावर आत्याही हसली. मी तिला कोणत्याच नावानं हाक मारत नव्हतो, 'अगं' म्हणायचो. आता मनात बोलतो तेव्हा दमयंती म्हणतो. ते तिला कधी ऐकू गेलं नाही.

आम्ही तेव्हा बजाजनगरला राहत होतो. मी टूलरूममध्ये ग्राइंडर होतो, लोखंड घासून मापात आणायचं काम. ती सुट्टीत छिंदवाड्याकडं जायची, सौंसरच्या पलीकडं, आणि पोत्यात काळे गुळगुळीत दगड घेऊन यायची. एसटीच्या कंडक्टरला वाटायचं बाई काहीतरी चोरून नेतेय. तो दगड हिऱ्याच्या चाकानं पातळ कापायचा, काचेच्या पट्टीवर डिंकासारख्या बाल्समनं चिकटवायचा, मग सपाट काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन घासत राहायचा, दगडातून उजेड आरपार येईपर्यंत. मी म्हणालो, हे माझं काम आहे, सोड. मोरीजवळ पाट टाकून बसलो आणि संध्याकाळपर्यंत घासलं. अगदी एकसारखं, हात कुठं हलला नाही. तिनं पट्टी उजेडात धरली, बराच वेळ बघितली. म्हणाली, "फार छान काच घासलीत तुम्ही." दगड सगळा निघून गेला होता. मी मापाच्या विचारात होतो, आणि तिथं माप नसतं. घासता घासता दर थोड्या वेळानं भिंगाखाली धरून बघावं लागतं. पेशी दिसायला लागल्या की हात थांबवायचा. अजून जरा साफ होईल असं वाटतं तिथंच थांबायचं. हे तिनं मला शिकवलं, आणि मला यायला वर्ष लागलं. तिला ते सहज यायचं. ती घासत असताना तोंडानं काहीतरी पुटपुटायची. एकदा मी नीट ऐकलं तर ती भाजी कोणती करायची ते ठरवत होती. एवढं अवघड काम आणि मन इतकं मोकळं. मी कंपनीत मोठमोठे कारागीर बघितले, पण काम करताना त्यांचे जबडे आवळलेले असायचे.

ते फळ तिला एका बांधावर मिळालं. बांध मनकर्णाबाईचा. तिकडं खडीवाले ट्रॅक्टर घेऊन फिरतात, शेतातले दगड उचलून खडी करतात. मनकर्णाबाईला दमयंतीनं एका उन्हाळ्यात दगडातलं लाकूड भिंगातून दाखवलं होतं, तेवढ्यावर त्या बाईनं चांगले दिसणारे दगड बाजूला काढून गोठ्यात ठेवले आणि खडीवाल्याला सांगितलं, हे माह्या लेकीचे आहेत. त्या दगडांपैकी एकात हे फळ होतं. बोराएवढं, आत तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक बी, बीचं टरफलसुद्धा दिसतं. ते आधी कोणी पाहिलेलं नाही याची खात्री करायला तिला कितीतरी वर्षं लागली. लखनौला गेली, कलकत्त्याला गेली, परदेशातून जुने लेख मागवले. मी म्हणायचो, नवीन आहे तर देऊन टाक नाव. ती म्हणायची, दुसऱ्याचं लेकरू उचलून आणून बारसं करायचं का. शेवटी नाव द्यायची वेळ आली तेव्हा तिच्या विभागातल्या एका वरिष्ठ साहेबांनी सुचवलं, अमुक मोठ्या माणसाच्या नावानं ठेवा, पुढं उपयोग होईल. तिनं मनकर्णाबाईचं नाव दिलं. लॅटिनमध्ये बाईमाणसाच्या नावाला लावतात तसा शेवट जोडून. त्याच्यापुढं नाव देणाऱ्याचं आडनाव येतं, ते बनकर. छापील लेख घेऊन आम्ही दोघं तिकडं गेलो होतो. मनकर्णाबाई कापूस वेचत होती. तिनं कागद उलटासुलटा केला. म्हणाली, "माह्या नावाचं फय? खाता येते का?" दमयंती म्हणाली, "तेव्हा येत असेल." मनकर्णाबाई म्हणाली, "मंग आता नाव कायले? खानारा तं गेला." दमयंती इतकी हसली की बांधावर बसली. परतीच्या गाडीत म्हणाली, तीस वर्षांत मला इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नाही.

रविवारी अमृता घरी आली. मी चहा ठेवला, दूध नासलं, मग कोराच दिला. ती कप हातात धरून बसली, प्यायली नाही. दमयंती गेल्यावर दगडांची खोकी मीच तिला कॉलेजात न्यायला सांगितली होती. त्यातला एक अर्धा दगड तिनं कापला होता. फोनवर तिनं फोटो दाखवला. एक बारीक फांदी, लाकडाच्या नळ्या स्वच्छ, अगदी त्या नागपूरच्या लाकडासारख्या, आणि फांदी दगडाच्या कडेशी येऊन संपते, तिथं फळाचा एक कप्पा अर्धा दिसतो. मधला भाग दगडाच्या दुसऱ्या अर्ध्यात. तो दुसरा अर्धा माझ्याकडं होता. दमयंतीच्या टेबलावर, तिनं ठेवला तिथंच. डायलिसिसला जायला लागल्यावर तिनं शेवटचा दगड मधोमध कापला तो हा. तेव्हा तिच्या मनगटाजवळ रक्तवाहिनीचा जोड केला होता. त्यावर बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागायची, चालू मशीनच्या बॉडीला हात लावल्यासारखी. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर मी तिथं बोट ठेवून बसायचो. ती म्हणायची, काय चेक करता, चालू आहे. ती गेली त्या सकाळी मी प्रथम तिथंच हात लावला.

"काका, तो दगड तुम्ही दिला तरच जोड दिसेल," अमृता म्हणाली. "नाही दिला तर मी लिहीन की फांदी आणि फळ शेजारी सापडले, जोड मिळाला नाही. ते खोटं होणार नाही. दोन्ही नावं राहतील. तशी मुभा आहे नियमात."

"आणि दिला तर?"

"दिला आणि जोड दिसला, तर मला ते लाकडाचं नाव वापरावं लागेल. लागेल म्हणजे, मला तसंच करावंसं वाटेल. मॅडमचं नाव त्याखाली बारीक अक्षरात जाईल."

मी विचारलं, "तू काय म्हणतेस?"

ती म्हणाली, "मला विचारू नका. माझं पहिलं नाव मॅडमनीच खोडलं होतं." ही गोष्ट मला अर्धवट माहीत होती. तिनं एका पानाला नवी जात म्हणून नाव द्यायचं ठरवलं होतं, आईच्या नावानं, घरी सांगूनही झालं होतं. मॅडमनी जुना लेख काढून दाखवला, हे पान आधीच छापलेलं आहे. "आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते. मग त्यांनी मला कँटीनमध्ये नेलं, वडापाव खायला घातला आणि म्हणाल्या, अमृता, जी झाडं त्या रानात नव्हतीच ती आपण तिथं लावायची नाहीत." एवढं बोलून तिनं थंड चहा एका घोटात संपवला, औषध घेतल्यासारखा. "म्हणून काका, मी नको म्हणायला पाहिजे आणि हो पण म्हणायला पाहिजे. तुम्ही ठरवा. घाई नाही."

सई, माझी मुलगी, पुण्याला असते. तिला फोनवर सांगितलं तर चिडली. "पप्पा, देऊ नका. आईचं एवढंच तर आहे." मी म्हणालो, तसं नाही, तिचे विद्यार्थी आहेत, लेख आहेत. ती म्हणाली, "लेख कोण वाचतं? नाव राहतं. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय की एका फळाच्या नावापुढं माझ्या आईचं आडनाव आहे. आणि ही अमृताताई, तिला जुना सूड घ्यायचाय का?" मी म्हणालो, "ती रडकुंडीला आली होती." सई म्हणाली, "मग नका ना देऊ. ती स्वतःच म्हणतेय नाही दिला तरी चालेल." बरोबर होतं तिचं. सगळ्यांनी मला वाट मोकळी करून दिली होती. दगड टेबलावर राहिला असता, नाव कागदावर राहिलं असतं, कोणी खोटं बोललं नसतं.

पुढचे काही दिवस मी त्या दगडाभोवती घरात फिरलो. हातात घेतला की एका बाजूनं खडबडीत लागायचा आणि कापलेल्या बाजूनं गार. कापलेली बाजू मी गालाला लावून बघितली, हे सांगायला लाज वाटते, पण लावली. मला तो द्यायचा नव्हता. नावाचं मागाहून सुचलं, आधी दगडच द्यायचा नव्हता. तिच्या हातानं शेवटी ठेवलेली वस्तू आता चाकाखाली जाणार आणि तिची पूड पाण्याबरोबर वाहून जाणार, एवढंच मला दिसत होतं. मग मी तिला आठवायला लागलो, आणि गंमत अशी की मला ती दगड जपताना आठवेना. कधीच नाही. पाहुणे दगड हातात घेऊन वा वा म्हणायचे तेव्हा ती म्हणायची, अजून कापला नाही, त्यात काय बघता. तिच्यासाठी न कापलेला दगड म्हणजे न उघडलेलं पाकीट. आणि मला हेही आठवलं, की स्वतःच्या फळाविषयी बोलताना ती कधी 'माझी जात' म्हणाली नाही. 'ते सध्या या नावानं आहे' म्हणायची. सध्या. मी तेव्हा हसायचो, साडेसहा कोटी वर्षांच्या वस्तूला सध्या काय म्हणायचं. आता त्या एका शब्दासाठी मला ती फार मोठी वाटली. इतकी वर्षं मेहनत करून मिळवलेली गोष्ट जिनं पहिल्या दिवसापासून मुठीत न धरता तळहातावर ठेवली, तिच्या घरात मी तिच्या नावानं मूठ आवळून बसलो होतो. आणि मनकर्णाबाई? तिला जाऊन काही वर्षं झाली. तिला सांगितलं असतं की बाई, नाव खाली गेलं, तर ती म्हणाली असती, जाऊ द्या, वर ठेवून काय कराचं होतं.

मी दगड टॉवेलात गुंडाळला आणि कॉलेजात गेलो. अमृताला म्हणालो, चाकावर तू काप, घासणार मी. ती म्हणाली, काका, डोळे? मी म्हणालो, भिंगाखाली तू बघ, थांब म्हण, मी थांबतो. चाक लावल्यावर पाणी काळं झालं, आणि तो वास आला, ओल्या गरम दगडाचा, बजाजनगरच्या मोरीतला. चकती पट्टीवर चिकटवली. काचेवर पूड, पाणी, आणि हात गोल फिरायला लागला. आधी खरखर जास्त असते, मग आवाज बारीक होत जातो. अमृता दर थोड्या वेळानं पट्टी घेऊन बघायची आणि न बोलता परत द्यायची. मला भीती होती की मी आताही सगळा घासून टाकीन. खरं सांगायचं तर एकदा मनात आलंच, जरा जास्त दाब दिला तर जोड निघून जाईल आणि कोणाला कळणार नाही, अमृतालाही नाही, म्हाताऱ्याचा हात गेला म्हणतील. हात तसाच फिरत होता. दाब मी वाढवला नाही. फार विचार केला असंही नाही, हाताला ती सवय तिनंच लावलेली. अमृता म्हणाली, "थांबा." मी थांबलो.

ती बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. मग उठली आणि खुर्ची मला दिली. मी बघितलं. खालून लाकडाच्या नळ्या येत होत्या, एकीला एक लागून, मध्ये बारीक होत होत्या, वळत होत्या, आणि कुठंही न तुटता फळाच्या भिंतीत शिरत होत्या. तिथून तीन फाटे, तीन कप्प्यांकडं. ज्या वाटेनं पाणी वर गेलं ती अख्खी वाट. मला बोटाच्या टोकाला थरथर लागली. घासून घासून लागते तशी असेल. मी उठलो तर अमृता खिडकीकडं तोंड करून उभी होती. म्हणाली, "काका, असा जोड कोणाला मिळत नाही. आयुष्य जातं, मिळत नाही." मग म्हणाली, "काय करू?" मी म्हणालो, "जे दिसलं ते लिही."

तिथूनच मी सईला फोन लावला. ऑफिसात होती, बाहेर जिन्यात आली असावी, आवाज घुमत होता. तिनं विचारलं, "गेलं का आईचं नाव?"

"गेलं," मी म्हणालो. "खाली राहील. पण फळ झाडाला लागलेलं आहे, सई. मी बघितलं. तुटलेलं नाही."

मग तिनं विचारलं, "झाड केवढं होतं?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही सगळे बोराएवढ्या फळाविषयीच बोलत आलो होतो. मी अमृताला विचारलं. ती म्हणाली, त्या लाकडाचा बुंधा मी नागपूरला बघितलाय, दोघांच्या कवेत मावणार नाही, म्हणजे झाड या कॉलेजच्या इमारतीच्या वर सहज गेलं असणार. मी ते सईला सांगितलं.

"एवढं मोठं?" सई म्हणाली.

"व्हय."

"म्हणजे फळं बरीच वरून पडत असतील," ती म्हणाली.

मी म्हणालो, "पडत असतील."